फुग्यात मावेल तेवढंच विश्व

ब्रश धुवायच्या डब्यात तळाशी गाळ बसतो ना, तसे हे किस्से बसले. आज डबा उपडा करतो. आवडलं तर वाचा, नाई तर ठेवून द्या!

मी आर्वीचा पेंटर. शिक्षण चौथी, तेही गुरुजीच्या मेहरबानीनं. फ्लेक्सनं पाट्या खाल्ल्या, तवापासून कॉमिकमंधी पात्रांच्या तोंडाजवळ बोलण्याचे फुगे असतात ना, त्यात अक्षरं लिवतो. कथा प्रवीण सरांची, ते कॉलेजात फिजिक्स शिकवतात. चित्रं नाचणगावच्या शुभांगीची. दोघांनी मिळून पाच सुपरहिरोंची टीम काढली, अन् भांडतात रोज माझ्या दुकानात!

*

पहिल्याच दिवशी सरांनी एका फुग्यासाठी पानभर मजकूर दिला. काळ म्हणजे काय, विश्व कुठून आलं, सगळं! हिरो तवा इमारतीवरून खाली पडून राह्यला होता.

म्हटलं, "सर, दुसऱ्या ओळीतच जमीन येते. बाकीचं कोण बोलंल?"

*

शुभांगीचं उलटं. तिचे पाचही हिरो सहा पानं रडले. एकाले बाप आठवला, एकाले बायको. राक्षस बिचारा कोपऱ्यात उभा!

"शुभे, याले चहा तरी दे."

"काका, भावना हायेत त्या!"

"हायेत ना! पण जग बुडून राह्यलं, अन् हे नाक पुसून राह्यले!"

*

टीमचा म्होरक्या एका हातानं सूर्य उचलते. मी विचारलं, "याच्या घरी कोण हाय?"

सर म्हणे, "काका, तो विश्वाचा रक्षक आहे."

"रक्षकाले माय नसते काय?"

दुसऱ्या दिवशी सरांनी माय आणली. अन् दुसऱ्याच चौकटीत मारली!

"काल मी माय मागितली, आज तुमी तिची तेरवी मांडली? जिती करा तिले!"

केली. मास्तर हाय, पण ऐकतो.

*

शुभांगीच्या बापानं, देवरावनं, तिले सांगून टाकलं होतं, "हा अंक झाला का चित्रं बंद. नागपूरले कॉल सेंटरात लागजो."  अन् शेवटचं पान उरलं.

त्यात म्होरक्या जग वाचवायले काळ मागं फिरवते. त्यापायी तो स्वतः जन्मलाच नाई, असं होते. घरी येते, तर माय ओळखत नाई. आता मायच्या फुग्यात काय लिवाव? सरांले काळाचं गणित पाहिजे, शुभांगीले हंबरडा. कोणीच हटेना.

मी म्हटलं, "येडे हायेत तुमी दोघंबी! तिच्यासाठी तर तो परका. मंग रडंल काऊन?"

उन्हातून अनोळखी माणूस दारात आला, तर आपल्याकडं बाई जे म्हणते, तेच लिवलं: "कोणाचा रे तू बाप्पा? बस, पाणी पे." बाकीचा फुगा कोराच ठेवला. सरांनी पेनाले टोपण लावलं. शुभांगी डोळे पुसून राह्यली, यावेळी मी काई म्हटलं नाई.

तेवढ्यात देवराव पोरीले न्यायले आला. हातात नोकरीचा कागद. स्टुलावर बसून, ओळीवर बोट ठेवून, त्यानं सगळा अंक वाचला. शेवटचं पान दोनदा.

"याच्या पुढं?"

"संपलं, बाबा."

"संपलं कसं? त्यानं पाणी पेलं का नाई?"

शुभांगीनं सरांकडं पाह्यलं, सरांनी माझ्याकडं.

देवरावनं कागदाची घडी करून खिशात कोंबली.

"पुढचं पान काढ. मी बसतो इथंच."