मोलगीवालीचे वाटे

सातपुड्यातल्या मोलगी गावची ती मोलगीवाली हिशेब कागदावर करायची नाही. डोळे मिटायची, ओठांत भिलीत काहीतरी पुटपुटायची आणि मराठीत उत्तर द्यायची. नंदुरबारला डी.फार्म.ला आम्ही एकाच बाकावर होतो. तेव्हापासून मी तिच्यावर जळते.

प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, "वीस टक्क्यांच्या द्रावणातून अर्ध्या टक्क्याचं दोन लिटर करायचं. औषध किती?" माझं सूत्र लिहून होईपर्यंत बाईसाहेबांनी पन्नास मिली मोजलंसुद्धा, आणि दोन लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. "चाळीस वाट्यांतला एक वाटा," ती मला म्हणाली. "आधी वाटे पाड गं, मग आकडे." वहीत पायऱ्या मांडल्या म्हणून मार्क मला जास्त मिळाले. कौतुक मात्र तिचं झालं! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

एका रविवारी मीच हौसेनं तिला घरी नेलं. अवदसा आठवली, दुसरं काय! बाबा मिरचीवर फवारायला निघाले होते. "पोरी, पंपमा कितलं टाकू?" त्यांनी मला विचारलं. बाटलीवर एकरी दोनशे मिली, दोनशे लिटर पाण्यात असं होतं आणि पंप पंधरा लिटरचा. मी ऐटीत म्हटलं, "पंधरा."

मोलगीवालीनं विचारलं, "काका, एकराला पंप किती लागतात तुमचे?"

"दहा."

"मग दोनशेचे दहा वाटे, पंपाला वीस टाका. पंधरानं औषध कमी पडेल."

"हाई पोर हुशार शे," बाबा म्हणाले. मला आयुष्यात कधी म्हणाले नव्हते.

आता ती मोलगीच्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे, माझं नंदुरबारला मेडिकल आहे. गुणाची आहे हो, माझ्या बाळंतपणात दोन जिपा बदलून आली होती. म्हणून तर धड रागावताही येत नाही.

परवा शेजारच्या काकांनी नव्या औषधाचं प्रमाण विचारलं. बाबा म्हणाले, "थांब, मन्ही पोरले इचारी लेस." मी लगबगीनं पुढे झाले, तर त्यांनी मोलगीला फोन लावला.

"काका, घरात फार्मासिस्ट असताना मला कशाला?" ती म्हणाली. "तिला द्या फोन." मी बाटली वाचली: एकरी अडीचशे. पंप दहा. तिनं मला मोजू दिलं. तिला उत्तर कधीच आलं होतं, मला ठाऊक आहे.

"पंचवीस," मी म्हटलं.

"बरोबर. काकांना तूच सांग."

मी सांगितलं. बाबा शेजाऱ्याकडे वळले. "पंचवीस टाक. मोलगीवालीनी सांगं."