सरांच्या भावाचं नाव

"राँग!" म्हणून सर टेबलावर बोट आपटायचे. रेडिओवर बातम्या देणारा चुकला, राँग. मी कपात चहाआधी दूध घातलं, राँग. इंग्लंडात, लेस्टरला त्यांच्याकडे मी स्वयंपाक आणि साफसफाईला जायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा म्हातारा असेल. तिरसट म्हणून आपण त्याच्या वाटेला जात नाही.

सर युनिव्हर्सिटीत लॅटिन शिकवायचे. जुन्या पुस्तकांतल्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कविताही करायचे, पण लोकांसमोर कधी वाचल्या नाहीत.

रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर युनिव्हर्सिटीनं त्यांना एक लेक्चर द्यायला बोलावलं. शेवटी एक कविता वाचायची असं त्यांनी ठरवलं. ती धाकट्या भावावर होती. तो तरुणपणीच गेला.

"त्याला ओळखणारा आता मीच उरलोय," सर म्हणाले. "एकदा तरी चार लोकांत त्याचं नाव घ्यायचंय."

मग रोज मी कणीक मळायचे आणि ते वाचायचे. अर्ध्यावर भावाचं नाव आलं की आवाज चिरायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"सर, मला तर निम्मं कळत नाही."

"म्हणूनच तुमच्यासमोर जमतं. कळणारे चुका काढतात."

"तुमच्यासारखे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सर मोठ्यानं हसले. "एक्झॅक्टली!"

लेक्चरला त्यांनी मलाही नेलं. मी मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. सरांनी मोठमोठ्या विद्वानांची टर उडवली, लोक खदखदून हसले. मग कविता सुरू झाली. नावापाशी सर थांबले. कागद घडी करून खिशात ठेवला. लोकांना वाटलं, संपली. खूप टाळ्या पडल्या.

परत जाताना ते बसस्टॉपच्या बाकावर बसले.

"छान झालं, सर."

"राँग," ते हळूच म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे. "मग इथं म्हणा," मी म्हणाले.

"इथं?"

"इथंही माणसं आहेतच की."

पिशव्या घेतलेली एक बाई होती, कॉलेजच्या दोन मुली होत्या. सर काठीवर भार देऊन उठले.

मागच्या हिवाळ्यात सर गेले. मला ते अजून त्या स्टॉपवरच दिसतात. त्या दिवशी त्यांनी कविता पहिल्यापासून सुरू केली. मुलींनी कानातले इयरफोन काढले. नाव आलं. टॉम. आवाज चिरला, पण सर पुढे गेले, शेवटच्या ओळीपर्यंत.

मध्येच आमची बस आली. कोणीच हात केला नाही. ती तशीच पुढे निघून गेली.