अकरा गावांचे दाजी

माणसाला एक गाव असतं, फार तर दोन. आमच्या दाजींना अकरा होती, आणि अकराही गावांचे ते अस्सल रहिवासी होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सव्वासहा फूट उंची, पंज्यात नारळ मावेल असा हात, आणि धंदा म्हणाल तर व्हॉलीबॉल. हा खेळ रेल्वेच्या बाबूंनी कॅसलरॉकला आणला, तिथून तो जोयड्याच्या रानात पसरला, आणि भाताची मळणी उरकली की गावोगाव सामने झडू लागले. दाजी आधी कॅसलरॉककडून खेळले, मग अणशीकडून, मग जे गाव पोतंभर तांदूळ आणि राहायला खोपटं देईल त्या गावाकडून.

स्पर्धेचा नियम होता की खेळाडू गावचाच हवा. आता गावचा म्हणजे कोण? तर पंचांनी आमच्या मुलखाला शोभेल असा निवाडा देऊन ठेवला होता: ज्याची चूल गावात पेटते तो गावचा. त्यामुळे सामने जवळ आले की दाजी ट्रंक खांद्यावर टाकून निघत, मागून अक्का तवा-पातेली घेऊन. नव्या गावात तीन दगड मांडायचे आणि शेजारपाजारला दिसेल असा धूर काढायचा. अणशीला एकदा लाकडं ओली निघाली आणि समोरच्या संघाचा माणूस पाळतीवर दारातच उभा. अक्काने फुंकून फुंकून जाळ केला आणि घाईत नुसतं पाणीच चुलीवर चढवलं. "काय शिजतंय?" त्याने डोकावून विचारलं. "आमटी हाय. आमच्यात डाळ मागनं घालतात," अक्का म्हणाली.

गंमत म्हणजे दाजींची गावभक्ती शंभर नंबरी खरी होती. नव्या गावात आठ दिवस झाले नाहीत तोच 'आपल्या गावचं पाणी' सुरू व्हायचं. कॅसलरॉक सोडलं त्या वर्षी तिथल्या पाण्याला इंजिनाचा वास येतो म्हणू लागले. मी म्हटलं, "दाजी, गेल्या वर्षी तर तेच पाणी गोड होतं." ते शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्सी मी तितं हुतो न्हवं." सर्व्हिस करण्याआधी त्या त्या गावची माती ते कपाळाला लावत, आणि त्या कपाळाची कथा काय सांगावी, अकरा गावांच्या चौकटींनी ते ठोकून काढलेलं. वाकायची इतकी सवय जडली होती की उघड्या माळावरसुद्धा ते मान खाली घालून चालत.

मला मात्र या माणसाची लाज वाटे. मी आमच्या गावच्या संघाचा सेक्रेटरी. शिट्टी, वही, इस्त्रीचा सदरा. बाजारात कुणी तरी हटकून विचारायचं, "काय हो, तुमचे दाजी यंदा कुठले?" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी एकदा मी त्यांना आमच्याकडून खेळा म्हटलं. "सासुरवाडीकडनं न्हाई खेळत पावणं," ते म्हणाले. "चुकलो तर शिव्या कोण देणार? समदी जावई जावई करत बसणार." मी वरवर हसलो, पण ते मला लागलं.

पुढच्या वर्षी ते गुंद गावचे झाले. वय वाढलं होतं, गुडघे कुरकुरत होते. गुंदकरांनी शब्द दिला होता की यंदा ढाल आणलीत तर देवळामागे घराला जागा देऊ, कायमची. सामन्याच्या आठ दिवस आधी, गुंदला चूल मांडायच्या आतच, अक्काला हिवताप आला आणि दाजी तिला माझ्याकडे ठेवून गेले. तापातसुद्धा ती बोटाने अंथरुणावर रेघा ओढायची. "हितं सैपाकघर. हितं न्हाणी. आता कुटं जायाचं न्हाई रे." हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

शेवटच्या सामन्यात गुंदची गाठ आमच्याशीच पडली. निर्णायक डावात दाजी एकटे आम्हाला झोडपत होते. अकरा-चार झाले आणि मी उठलो. "आक्षेप आहे," मी म्हणालो. "यांची चूल गुंदला पेटलेली नाही. यांची बायको माझ्या घरी जेवते."

माझी जीभ तेव्हा झडली का नाही, कोण जाणे. गुंदचा एक जण पुढे येऊन म्हणाला, "आमी धूर बघितलाय." पंच म्हणजे म्हातारे मास्तर, त्यांनी सरळ दाजींनाच विचारलं. दाजींनी एक 'व्हय' म्हटलं असतं तर गुंदचं अख्खं गाव शपथेला उभं राहिलं असतं, आणि खोटा मी ठरलो असतो. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "न्हाई मास्तर. न्हाई पेटली." आणि बाहेर जाऊन बसले.

ढाल आम्ही जिंकली. गुंदकरांनी जागेचं नाव पुन्हा काढलं नाही. मी घरी पोचलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. अक्का घोंगडीची घडी घालत होती. "जेवते म्हणालास?" तिने विचारलं. "चारचौघांत?" अंगात ताप होता तशीच ती बैलगाडीत बसली. दाजी तेवढे माझ्यापाशी थांबले. "कायद्यानं बरोबर हाय तुमचं," म्हणाले.

अक्काने त्यानंतर माझ्या घरी पाऊल टाकलं नाही. तिच्या दारात जायचं धाडस मला झालं नाही, आजही होत नाही. भाऊबीजेला दाजी तेवढे एकटे येतात, चौकटीखालून वाकून, दरवर्षी नव्या गावाहून. ओसरीवर टेकतात आणि मी विचारायच्या आत सांगून टाकतात, "ती येणारच हुती, पन गुडघं लई दुकत्यात तिचं." भर मैदानात पंचांपुढे खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी वर्षाला एकदा खोटं बोलतो. मग मी आत जाऊन अक्काच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणतो, आणि ते ती निमूटपणे पिशवीत ठेवतात.