पेटीला बोट नसतं

"व्हय कुणी म्हणलं?"

दुकानात आधी हा प्रश्न यायचा, मग आक्का. पदर कमरेला खोचलेला, हातात मोबाईल. तो काउंटरवर पालथा टाकायची त्यांची एक तऱ्हा होती. किडकं निघालेलं वांगं विकणाऱ्याच्या पुढ्यात परत टाकावं, तशी. स्टूल पुढे केलं तरी बसायच्या नाहीत. "बसलं की ऐकून घ्यावं लागतं," म्हणायच्या, आणि उभ्यानंच चहा प्यायच्या.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का, हे विचारायचं राहून गेलं. न विचारता छापलेलं त्यांना चाललं नसतं, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. का, ते पुढे येईलच.

इंदापूरला एसटी स्टँडजवळ आमचं छपाईचं दुकान आहे. वडिलांनी जयंतीची, मोर्चांची, गायरानाच्या भांडणाची पत्रकं इथेच छापली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे आयुष्यात वाचलेलं माझं पहिलं वाक्यच उद्गारचिन्हाने संपत होतं. आता पत्रकं मी लिहिते. आक्का लासुर्ण्याहून एसटीने पहिल्यांदा आल्या, त्या माझ्या एका पत्रकाची घडी हातात धरून.

"ह्ये तूच लिवलंस?"

"हो."

"चांगलंय. पर कागदावर आरडतीस लई. शेजारच्याला ऐकू जावं म्हणून लिवतीस, का वाचायला?"

मला राग आला. त्यांनी तो पाहिला आणि खूश झाल्या. रागावलेल्या माणसाशी त्यांचं चटकन जमायचं.

त्यांच्या त्या प्रश्नाची कीर्ती मला आधीच ठाऊक होती. आपल्याकडच्या वार्षिक सभा तुम्ही पाहिल्या असतील. सचिव ठराव वाचायला लागतो, त्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच पुढच्या रांगेतून "मंजूर! मंजूर!" अशी आरोळी उठते, आणि सगळ्यांचं लक्ष चिवड्याच्या पुड्यांकडे लागतं. लासुर्ण्याच्या पाणीपुरवठा संस्थेतही तेच चालायचं. आक्का स्वतः सभासद होत्या. त्या आत बसायच्या नाहीत, दाराशी उभ्या राहायच्या. मंजूरचा गलका विरायच्या आत दारातून आवाज यायचा, "व्हय कुणी म्हणलं?"

"आक्का, समद्यांनी म्हणलं की," अध्यक्ष सांगायचे. गाव त्यांना आबा म्हणतं.

"समदे म्हंजी कोण? मी न्हाय म्हणलं. आमचा दीर तर झोपलाय. उठीव रं त्याला, इचार."

सभा हसायची. आबाही हसायचे. पण ठराव पहिल्यापासून वाचायला लागायचा, आणि दुसऱ्यांदा वाचताना आबांचा आवाज जरा खाली आलेला असायचा.

दुकानात त्या आल्या होत्या ते विहिरीवरच्या पेटीचं गाऱ्हाणं घेऊन.

हल्ली मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवतात, हे गावाकडच्यांना सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगते. विहिरीवरच्या लोखंडी पेटीत एक सिम कार्ड असतं. घरून त्या नंबरला फोन करायचा. पेटी तो आपोआप उचलते आणि मोटर सुरू होते. मग पेटीच उलट फोन करून कळवते, "मोटर चालू झाली आहे." आक्कांनी हे यंत्र बसवून घेतलं ते नवऱ्यासाठी. तात्यांची नजर साखरेच्या आजाराने अधू झालेली. उसातून विहिरीपर्यंतची पायवाट त्यांना दिसायची नाही, आणि गप्प बसणं जमायचं नाही. पेटी आली आणि तात्या खाटेवर बसून, बोटाने चाचपत, मोटर चालू-बंद करायला लागले. आल्यागेल्याला पेटीचं बोलणं ऐकवायचे.

मग पेटी मुकी झाली. फोन उचलायची, पण उलट सांगायची नाही. बॅलन्स भरला की चार दिवस बोलायची, परत मुकी. मोटर चालू झाली की नाही, कसं कळणार? एका संध्याकाळी, आक्का गिरणीत गेल्या असताना, तात्या बघायला म्हणून निघाले आणि पाण्याच्या पाटात, चारीत पडले. खुब्याचं हाड मोडलं.

"ते सिम हितं हाय," आक्का म्हणाल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी ते काढलं. "बघ, ह्याचं पैसं कोण खातंय."

मी ते दुकानातल्या जुन्या फोनमध्ये घातलं. फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. पेटीला पडदा नसतो, त्यामुळे तिला आलेले निरोप आजवर कुणी पाहिलेच नव्हते. मी मोठ्याने वाचायला लागले. आजचं राशिभविष्य. आजचा विनोद. क्रिकेटची धावसंख्या. मग एक आला, "तुमच्या प्रेमजीवनात आज नवं वळण."

"कुणाच्या?"

"मोटरीच्या, आक्का."

"आगं, पाच हार्सपावरची हाय ती. तिला कोण पसंत करतंय?"

आम्ही दोघी काउंटरला धरून हसलो. झेरॉक्ससाठी थांबलेला माणूसही हसला. मग मी पुढचा निरोप वाचला, "आपल्या विनंतीनुसार सेवेचं नूतनीकरण झालं आहे. शुल्क बॅलन्समधून वजा."

आक्कांचं हसू तिथेच थांबलं. "विनंती? कुणी केली?"

मी फोन कंपनीला लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. या सेवा कंपनीच्या नव्हेत, कुठल्याशा तिसऱ्याच कंपनीच्या. पैसे फक्त यांच्यामार्फत कापले जातात. "आणि मॅडम, आपल्याकडून एक आकड्याचं बटन दाबून संमती दिल्याची नोंद आहे."

"पेटीला बोट हाय का?" आक्का म्हणाल्या.

"काय म्हणालात मॅडम?"

मी समजावून सांगितलं. जाहिरातीचा फोन आला असणार. पेटी कुणाचाही फोन उचलते, तोही उचलला असणार. पण बटन दाबायला तिथे आहे कोण? विहीर, मोटर आणि फार तर एखादं होल्याचं पाखरू. मुलीने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, सेवा बंद करते, पुन्हा कुठलीही चालू होणार नाही अशी बंदी टाकते, तक्रार क्रमांक देते, पैसेही परत जमा होतील.

तुम्ही-आम्ही इथे आभार मानून फोन ठेवला असता.

"पैसं दे, नगं दे," आक्का म्हणाल्या. "व्हय कुणी म्हणलं, तेवढं सांग."

फोन तुटला. सिम परत पेटीत गेलं. दुसऱ्या दिवशी आक्का दुकानात असताना त्यांच्या मोबाईलवर निरोप आला, "आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे." तो वाचून आक्कांनी मोबाईल असा काही पालथा टाकला की काच तडकली. "समाधान कुणाचं? माझं हितं हाय," त्यांनी छातीवर हात ठेवला, "आन् त्ये न्हाय झालेलं."

त्यांना पैसे मिळाले होते, सेवाही बंद झाली होती. तरी त्या का धुमसताहेत, हे मला कळेना. मी माझ्या समजुतीने त्यांना लढवय्या ठरवून टाकलं. खरं कारण लासुर्ण्याला गेल्यावर कळलं.

पेट्यांच्या झाकणावर आतून चिकटवायला एक चिठ्ठी छापायचं आमचं ठरलं होतं. माझा मसुदा पानभर होता, "लुटारूंनो, हिशेब द्या!" अशी सुरुवात. "ह्यो कोण वाचायचा? मोटर?" म्हणत आक्कांनी तो कापत कापत तळहाताएवढा केला. शेवटी उरलं ते असं: "या सिमने कशालाही हो म्हटलेलं नाही. दर महिन्याला हे बाहेर काढा, साध्या फोनमध्ये घाला, आलेले निरोप वाचा. न मागितलेली सेवा दिसली तर लगेच बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या." उद्गारचिन्ह एकही नाही. तो नमुना दाखवायला मी त्यांच्या घरी गेले.

अंगणात खाटेवर तात्या पडलेले. आक्कांनी मोबाईल त्यांच्या हातात द्यायला पुढे केला, तर त्यांनी हात पांघरुणात घेतला.

"मला नगं. माझ्या हातानं कायतरी दाबलं गेलं आन् समदं झालं. पोरगाबी त्येच म्हणतोय."

त्यांचा पुण्यात असलेला मुलगा म्हणाला होता, कंपनीकडे नोंद आहे म्हणजे तात्यांनीच आंधळेपणी कुठेतरी बटन दाबलं असणार. तेव्हापासून तात्यांनी फोनला हात लावला नव्हता. पैसे गेले ते त्यांच्यामुळे, पेटी मुकी झाली ती त्यांच्यामुळे, पडले तेही स्वतःच्याच करणीने, असं त्यांनी मनाशी मंजूर करून टाकलं होतं. आक्कांनी हजारदा समजावलं. बायकोचा शब्द एकीकडे आणि कंपनीची नोंद एकीकडे. माणसं कशावर विश्वास ठेवतात, तुम्हीच सांगा.

म्हणून त्यांना ते वाक्य हवं होतं, आणि तेही कंपनीच्याच तोंडून.

त्या दिवशी अंगणातूनच फोन लावला. आवाज मोठा, मोबाईल तात्यांच्या उशाशी. पुन्हा एक मुलगी, पुन्हा बटन, पुन्हा नोंद. आक्का आरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, आमच्या मालकाला कमी दिसतं. त्येंला वाटतंय त्येंनीच दाबलं. जेवान सोडलंय त्येंनी. तुझ्याकडं काय लिवलंय ते मला नगं. तुला काय म्हाईत हाय ते सांग."

पलीकडचा कचेरीचा गलका जरा दबला, तिने माइक तोंडाजवळ ओढला असावा. मग ती मुलगी बोलली. आवाज तोच, बोली निराळी.

"आजी, आमच्या रानातबी असलीच पेटी हाय. कुणीबी व्हय म्हणलेलं न्हाय. तुमी न्हाय, आजोबांनी न्हाय. वरनं यादी येती, आमी नुसतं वाचून दाखवतो." आणि लगेच, इस्त्रीच्या आवाजात, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. आपला दिवस शुभ असो."

तात्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला. म्हणाले, "आन हिकडं." मोबाईल घेतला, चाचपत पेटीचा नंबर लावला, कानाशी धरला. पेटीचा उलट फोन आला. त्यांनी तो आमच्याकडे केला. मोटर चालू झाली आहे.

आक्का घराच्या मागे गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

मी मात्र पेटले होते. तो फोन चालू असताना माझ्या मोबाईलवर मी सगळं रेकॉर्ड केलं होतं. वेशीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी त्यांना ते ऐकवलं. "आक्का, आता यांना सोडायचं नाही. हे सगळीकडे पाठवते. कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करू, हाच पुरावा."

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "त्या पोरीनं व्हय म्हणलं का?"

"कशाला?"

"ह्ये पाठवायला."

"आक्का, अशा किती पेट्या असतील! किती तात्या!"

"आसतील. पर तिची नोकरी जाईल. ती आपल्याशी बोलली, जगाशी न्हाय. कंपनी म्हणती बटन दाबलं, तू म्हणतीस बोलली. दोगीबी न इचारताच." मग हात पुढे करून, "पूस त्ये. माझ्या म्होरं पूस."

मी पुसलं. रागारागाने. अपील पुराव्याअभावी फेटाळलं गेलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. कंपनी तशीच आहे, यादी वरून तशीच येत असेल. मी कधी कधी रस्त्यातून चालताना आक्कांशी भांडते. पण एखाद्याचं नाव पत्रकात घालायची वेळ आली की माझी लेखणी आता थांबते आणि मला त्या माणसाच्या दारात जावं लागतं. त्यात उशीर होतो. चिडचिड होते. जाते.

आक्का थांबल्या नाहीत. पिशवीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक बटनाचा फोन घेऊन त्या गावोगाव फिरल्या. बावड्याला भावकीत गेल्या, कऱ्हाटीला लग्नाला गेल्या, तिथेही हळदीच्या अंगाने नवरदेवाच्या काकाला विहिरीवर नेऊन पेटी उघडायला लावली. एका पेटीला कुणीतरी इंग्रजी सुधारण्याचे धडे लावले होते. "शिकली का कायतरी?" त्यांनी मालकाला विचारलं. बसायचं निमंत्रण मात्र कुठेच घेतलं नाही.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. बारामतीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा खाट रिकामी होती, चादर बदलून झाली होती.

नंतर संस्थेची वार्षिक सभा आली. तात्यांचा फोन आला, स्वतः लावलेला. "सभेला ये. माझ्यासंगं कुणीतरी पायजे."

तात्या आत गेले नाहीत. काठी टेकून दाराशी उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला. पहिला विषय नेहमीप्रमाणे दुखवट्याचा. सगळे उभे राहिले. आबांनी सचिवाच्या हातून कागद घेतला आणि वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं स्वतः वाचली. आक्कांचं नाव शेवटी. वाचताना त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

नावं संपली, आणि पुढच्या रांगेतून कुणाच्या तरी तोंडून, निव्वळ सवयीने, निघून गेलं, "मंजूर!"

ज्याच्या तोंडून निघालं त्याने जीभ चावली. कुणी हसलं नाही.

तात्यांनी काठीवरचा हात बदलला. आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात दुसरा आवाजच नव्हता.

"व्हय कुणी म्हणलं?"

आबा कागद धरून तसेच उभे राहिले. दुसरा विषय वाचायला त्यांना फार वेळ लागला.