दुसऱ्या आवृत्तीतलं मरण

भूत, खून आणि प्रेम या तिघांच्या जिवावर मी लेखिका म्हणून मिरवते. कादंबरी नवी, पण तिच्या पोटात एखादी जुनी गोष्ट पुरलेली, हा माझा ठरलेला घाट. दिवसभर कॉलेजात मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीत लोकांना घाबरवायचं. यवतमाळच्या वाचनालयात माझी पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरतात. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

चौथ्या कादंबरीला काही केल्या विषय सुचेना, तेव्हा मी घरातलंच भूत बाहेर काढलं.

आमचं गाव नेरजवळ. मी जन्मायच्या आधी माझी आत्या नदीच्या पुरात वाहून गेली. काठावर तिची चप्पल आणि पाणी भरायची पितळी गुंडी सापडली, ती काही सापडली नाही. शेवटी मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, पळसाची पानं तोडून आणली, त्यांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि त्याला अग्नी दिला. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचं असंच करतात. तेव्हापासून आमच्या घरात पळसाची पत्रावळ बंद. दुसऱ्याच्या लग्नात आख्खी पंगत पत्रावळीवर बसली तरी मोठेबाबांसाठी घरून ताट जायचं. बहिणीवर काय ही माया, असं मला लहानपणी वाटायचं.

कादंबरीत मी पूर आणला, पुतळा आणला, नदीकाठी ओल्या पायांनी फिरणारी बाईही आणली. फक्त शेवटी रडारड नको म्हणून नायिकेला जिवंत ठेवलं. ती बुडालेलीच नसते. ज्यांचे आजे-पणजे बैलांवर धान्य लादून गावोगाव फिरायचे, त्यांच्या तांड्यावरच्या एका मुलाबरोबर ती पळून जाते आणि पुसदच्या बाजारात बांगड्यांचं दुकान थाटते. पुसदच का, तर नेरपासून लांब हवं होतं आणि जिल्ह्याबाहेर जायचा मला कंटाळा. तो शेवट लोकांना फार आवडला. पुस्तक मोबाइलवर ऐकायलाही मिळू लागलं आणि मी हवेत तरंगू लागले.

एका दुपारी एका बाईचा फोन आला. मागे शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता.

"पुस्तक आयकलं तुमचं. चांगलं हाये. पन दुसऱ्यांदा छापसान तवा शेवट बदलवा. तिले मारून टाका."

"अहो, ती जिवंत राहते म्हणून तर लोक खूश आहेत."

"लोकायचं काय जाते, बाप्पा!"

मला हसू आलं. शेवट बदला म्हणणारे वाचक मला नवे नाहीत. मी गोड बोलून फोन ठेवणार, तोच ती म्हणाली, "बांगड्याचं नाही, शिलाईचं दुकान हाये. बाकी सारं बराबर लिवलं. तुह्या पिवळ्या फ्रॉकचं माप म्याच घेतलतं, पोरी. तुही माय संगं होती."

मशीन थांबलं होतं. आई होती तोवर दरवर्षी साड्या घ्यायला म्हणून पुसदला जायची. एकदा मलाही घेऊन गेली होती. तोंडात टाचण्या धरलेली एक बाई माझ्या खांद्याला टेप लावत होती आणि बाजूला आई रडत होती. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी मूर्ख त्याला कल्पनाशक्ती समजत आले.

आत्या पुढे बोलली ते अगदी हळू. चप्पल आणि गुंडी तिनंच काठावर ठेवली होती. तरी मोठेबाबांना संशय आला.

"पुसदच्या बाजारात चार दिवस थो कुऱ्हाड घेऊन फिरला. दाराच्या फटीतून पाह्यलं म्या. मंग घरी जाऊन त्यानं पुतळा जाळला, तवा मी सुटली. माही पोरगी मले याडी म्हनते, म्हंजे तांड्याच्या बोलीत माय, अन् तांड्यावरचीच समजते. नातवायले काही मालूम नाही. अन् तू मले पुन्हा जित्ती केली."

मोठेबाबा पुस्तकं वाचत नाहीत, असा धीर मी तिला दिला. त्यांची सून स्वयंपाक करताना मोबाइल मोठ्यानं लावून कादंबऱ्या ऐकते आणि मोठेबाबांची बाज स्वयंपाकघराच्या भिंतीलाच आहे, हे मला आठवलं ते फोन ठेवल्यावर.

आठ दिवसांनी पुन्हा तिचा फोन. "थो आलता. एकेका बांगडीवाल्याले इचारून राह्यलाय. माह्या दुकानावरूनच गेला. मी मान खाली घालून मशीन चालवत राह्यली."

मी लिहिलेल्या एका चुकीच्या दुकानानं तिला वाचवलं होतं. पण ती चूक किती दिवस पुरणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठेबाबा माझ्या दारात उभे. कित्येक वर्षांत ते यवतमाळला आले नव्हते. वय ऐंशीच्या घरात, पाठ मात्र सरळ. हातात खताच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. ते त्यांनी दाराला टेकवून ठेवलं आणि खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसले. माझी नजर त्या पोत्यावरून हलेना.

"पुसद काहून लिवलं?" त्यांनी विचारलं.

"असंच, मोठेबाबा. कल्पना असते ती."

"कल्पना कोनं सांगतली?"

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आवाज अगदी मऊ होता. मी चहा पुढे केला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"पुतळ्याले आग म्या देल्ली, बाई. तवाच नेम धरला. खरं काय, खोटं काय, कळल्याबिगर पळसाच्या पानावर जेवन नाही. बोल."

म्हणजे आयुष्यभर मी जिला माया समजत होते तो नेम होता. मला त्यांची भयंकर भीती वाटली आणि रागही आला. आत्याची मुलगी, तिची नातवंडं, ते शिलाई मशीन, सगळं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. नुसतं नाही म्हणून हा माणूस उठणार नव्हता. मग मला जे येतं तेच मी केलं. गोष्ट रचली.

"आईनं सांगितलं. जायच्या आधी," मी म्हणाले. आईच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता. "आत्या पुसदला होती हे खरं. पण ती वारली, मोठेबाबा. पंधरा-सोळा वर्षं झाली. कावीळ झाली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे खाली केले नाहीत, कसे कोण जाणे.

"लेकरंबाकरं?"

"नाही."

त्यांनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "म्हंजे एकलीच मेली," असं म्हणून उठले, पोतं उचललं आणि पाणीही न पिता निघून गेले. त्या पोत्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही. छत्रीसुद्धा असेल.

दुसऱ्या आवृत्तीत मी नायिकेला पुरात बुडवलं. शेवटाची माती केली म्हणून वाचकांनी शिव्या घातल्या, त्या मी गुपचूप खाल्ल्या.

अक्षय तृतीयेला पितरांच्या जेवणासाठी आम्ही सगळे गावी जमलो. मोठेबाबांनी पळसाच्या पत्रावळी मागवल्या होत्या. सून अवाक झाली. एक पान त्यांनी पितरांसाठी मांडलं आणि त्याच्याशेजारी स्वतः बसले. भातात वरण कालवलं. कालवतच राहिले. एक घास तोंडात घातला, तो बराच वेळ तिथेच होता. मग उरलेल्या अन्नासकट पत्रावळ मिटली आणि ते उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते. कुऱ्हाड घेऊन फिरणारा भाऊ म्हणून ज्याला मी फसवलं, तो मरायच्या आधी बहिणीला एकदा पाहायला निघालेला म्हातारा असेल का, या विचारानं मीही माझी पत्रावळ मिटली. आणि तसं नसेल तर? खरं विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.

संध्याकाळी मी मळ्यात जाऊन आत्याला फोन लावला. "आता पुसदला येणार नाहीत ते. नेम सुटला. आज पळसाच्या पानावर जेवले."

मशीन थांबलं.

"पोटभर जेवला का दादा?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पोटभर जेवले."