बाबांच्या रेसच्या बाईकचा आवाज

मंडळी, आज हातपाय पार गळून गेलेत, तरी लिहितोय.

बाबांनी तरुणपणी स्वतःच्या हिमतीवर रेसमध्ये उतरायला घेतलेली हलकी बाईक बाळकुमला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं बंद उभी होती. नुकतीच ती दुरुस्त करून घेतली. तिला किक नाही, ढकलूनच सुरू करावी लागते.

आज बाबा म्हणाले, "एकदा आवाज ऐकव रे."

मी आणि बायकोनं ढकलत सोसायटीला चार फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

बाबा बसायला गेले, पण पाय सीटवरून पलीकडे जाईना. मी धरायला पुढे झालो, तर म्हणाले, "राहू दे. पळवणाऱ्या कुणाला तरी देऊन टाक."

मी हो म्हणालो, पण अजून कुणालाच फोन केलेला नाही. तुम्ही केला असता का?