डोंगरातल्या संधी

ड्रिलिंगच्या मशिनीवर माणूस टिकला की त्याच्याकडे दोन गोष्टी जमतात. कानात दडे आणि डोक्यात किस्से. दड्यांना डॉक्टर तरी आहे. किस्से तुमच्या माथी मारतो.

आमच्या कर्जतच्या डोंगरातून खालापूरकडे बोगदा काढायचा होता. आधी भोकं पाडायची, खडकाचे दांडके वर काढायचे, पाणी किती मुरतं ते बघायचं. आमची वाडी त्याच डोंगरावर, आणि वाडीला झरा एकच. मी कामाला लागलो तेव्हा वयनी म्हणाली, "भावजी, झऱ्याकडं ध्यान ठेवा."

ठेवलं. ध्यान ठेवून काय होतंय म्हणा!

*

कॉलेजातून एक मॅडम आल्या. त्यांच्याकडे सुयांची फणी. भेगेच्या दगडावर दाबली की दगडाचे चढउतार फणीत उमटायचे. दिवसभर तेच! आमचा ऑपरेटर बाळ्या म्हणाला, "मॅडम, दगडाला उवा झाल्यात का?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, भेगेच्या दोन्ही बाजू खडबडीत. दातांसारख्या एकमेकांत बसलेल्या असतात तोवर पाणी कमी जातं. जरा सरकल्या की दातावर दात चढतो, फट पडते, पाणी सुटतं.

"कळलं," मी म्हटलं. "माझ्या कवळीचं तेच होतं. सगळा चहा शर्टावर."

*

मग भोकात पाणी दाबून बघायचा दिवस आला. मॅडम म्हणाल्या, "आधी भोक धुऊन घ्या. भेगांत चिखल बसलाय, पाणी जाणारच नाही."

कंपनीच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, आपण इथं भांडी घासायला आलोय का?"

न धुताच रबराचं बूच मारलं, पंप लावला. पाणी गेलं नाही. साहेब खूश! "बघा, टाइट! थेंब खात नाही."

बाळ्या माझ्या कानाशी म्हणाला, "माझं नाक चोंदलं तर मला पण वास येत नाय. म्हणून काय घरात मच्छी नाय शिजली?"

मॅडमना परत कुणी बोलावलं नाही.

*

रिपोर्ट ग्रामसभेत वाचला. मराठी करणाऱ्याने 'जॉइंट'चं 'संधी' केलेलं. भेग म्हणायला जीभ झिजत होती का मेल्याची? ग्रामसेवक वाचतो, "सदर डोंगरात संधी विपुल असून त्या बंद स्वरूपाच्या आहेत."

टाळ्या! सरपंच उठला. "ऐकलं काय रं पोरांनो? संधी विपुल!"

एकजण म्हणाला, "पण बंद हायत म्हणतोय ना?"

"अरं, बंद त्या बाहेरच्यांना!"

झऱ्याचं विचारायला मी उभा राहिलो. सरपंच म्हणाला, "बसा काका. पोरांच्या पोटावर पाय नका देऊ."

दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी बायोडेटा घेऊन साइटच्या गेटवर. वॉचमनने हाकलली.

*

सुरुंग लागले आणि बोगद्याच्या छतातून पाणी कोसळायला लागलं. साहेब आत छत्री घेऊन! ओरडतायत, "रिपोर्टमध्ये पाणी नव्हतं!"

बाळ्या म्हणाला, "साहेब, पाण्याला वाचता येत नाय."

त्याच आठवड्यात आमचा झरा आटला. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "झरे आटतातच, काका. ग्लोबल वॉर्मिंग!"

*

पुढे कंपनीने वाडीला टँकर दिला. पहिल्या दिवशी हार, नारळ, फोटोवाला. साहेबांनी वयनीला पुढं घेतलं. "आजी, पहिला हंडा तुमचा."

वयनीने नळाखाली ओंजळ धरली. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, परत एक घेतला. ड्रायव्हरला म्हणाली, "कुठनं भरलास रं?"

"बोगद्यातनं, आजी. तिथं बक्कळ हाय."

वयनी हंडा तिथेच ठेवून घरात गेली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी रुसली. बाहेर आली ती हळदकुंकू, तांदूळ आणि खण घेऊन. टँकरच्या नळाला कुंकू लावलं, खण बांधला, वर ओंजळभर तांदूळ वाहिले.

"आजी, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"माहेरवाशीण हाय. दारात आलीय, तर ओटी न भरता कशी धाडू?"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, परत एकदा करा. नीट नाय आला."